सहावी अट

सोमवार, ९ मार्च

ताई,

चार वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामासाठी, म्हणून आधीच कान पकडतो. फोन तू उचलणार नाहीस. उचललास तरी मी घाईघाईत भलतंच काहीतरी बोलून बसेन. कागदावर निदान खोडता येतं.

प्रश्न माझा नाही, एका ओळखीच्या केमिस्टचा आहे. त्याच्या गिरणीत कापड पेरॉक्साइडने पांढरं करतात, आमच्यासारखंच. टाकीत पेरॉक्साइड किती उरलंय हे बघायला थोडा नमुना घेतात, त्यात सल्फ्युरिक आम्ल घालतात आणि वरून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडतात. जांभळा रंग उडायचा थांबला की किती परमँगनेट लागलं ते मोजायचं आणि त्यावरून पेरॉक्साइडचा हिशेब करायचा. त्यासाठी मुळात दोघांचं प्रमाण माहीत हवं, म्हणजे रासायनिक समीकरण जुळलेलं हवं. डावीकडे हे तीन पदार्थ. उजवीकडे पोटॅशियम सल्फेट, मँगनीज सल्फेट, पाणी आणि ऑक्सिजन वायू. एकूण सात.

त्याने तुझ्या पद्धतीने मांडलं. परमँगनेट दोन, पेरॉक्साइड तीन असं उत्तर आलं. दोन्हीकडचे अणू मोजले, सगळे जुळले. पण पुस्तकात दोनास पाच दिलंय, आणि गंमत म्हणजे तेही जुळतं. असं कसं होतं? एका समीकरणाची दोन वेगळी उत्तरं आणि दोन्ही बरोबर? एवढंच सांग. सवडीने सांग म्हणणार होतो, पण वीस तारखेच्या आत कळलं तर बरं.

तुझी पद्धत मी कशी विसरेन? अकरावीत मी समीकरण जुळवायला बसलो की एकीकडे ऑक्सिजन वाढवायचो, तर दुसरीकडे हायड्रोजन कमी पडायचा. तो भरला की पुन्हा ऑक्सिजन बोंबलायचा. कागद खोडरबराने फाटेपर्यंत माझं हेच चालायचं. तू मागून येऊन म्हणालीस, "अरे धांदरटा, चाचपडतोस कशाला? मांड." आणि वहीत चौकटी पाडल्यास. प्रत्येक मूलद्रव्याला एक आडवी ओळ, प्रत्येक पदार्थाला एक उभा रकाना. डावीकडचे अधिक, उजवीकडचे उणे. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायला हवी, बस्स. मॅट्रिक्स हा शब्द तू मला महिनाभर सांगितलाच नाहीस, मी घाबरेन म्हणून. रसायनशास्त्र मला त्या दिवसापासून आवडायला लागलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले होते. आता मानतो.

इकडे सगळं ठीक. गिरणीत जरा गडबड आहे, इस्पितळाच्या चादरींचं बरंच कापड कोणाच्या तरी हातून खराब झालं, त्याची चौकशी चालू आहे. तुझी भावजय बरी आहे, तुझी आठवण काढते.

तुझा धाकटा


शनिवार, १४ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की प्रश्नपत्रिका ते ठरवतोय. पाठकोऱ्या कागदावर दोनच ओळी: "सातातून पाच गेले किती? आणि लाल चौकोन कुठे गेला?"

पहिल्याचं उत्तर दोन. अज्ञात सात, कारण पदार्थ सात. अटी पाच, कारण मूलद्रव्यं पाच. म्हणजे दोन आकडे सैल राहतात. एक सैल राहिला तर बिघडत नाही, तो नुसता सगळं दुप्पट-तिप्पट करण्यापुरता असतो. पदार्थांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. पण दोन सैल राहिले की प्रमाणच ठरत नाही. मग दोनास एक, दोनास तीन, दोनास पाच, काहीही लिहा, अणू जुळतातच. हे तूच सांगितलं होतंस. तुझ्या टेबलापाशी बसून मी मान डोलावली होती.

दुसरा प्रश्न विचारलास म्हणजे तुला सगळं कळलंय. ओळखीचा केमिस्ट वगैरे कोणी नाही. मीच तो.

आता नीट सांगतो. तू चार वर्षांपूर्वी एका दुपारी मला संगणकावर ती शीट बनवून दिलीस. पदार्थ भरायचे, शीटने मॅट्रिक्स मांडून समीकरण जुळवायचं, आणि टाकीवर जाणाऱ्या चिठ्ठीवर किती रसायन घालायचं तो आकडा द्यायचा. कोपऱ्यात तू एक चौकोन ठेवला होतास. दोन आकडे सैल राहिले की तो लाल व्हायचा. "हा लाल झाला की हात काढ आणि डोकं लाव," म्हणालीस. ती शीट मी मोठ्या साहेबांना दाखवणार होतो. आदल्या दिवशी तालीम करताना मनात आलं, साहेबांनी विचारलं की हा चौकोन कशाचा, तर मला समजावता येणार नाही. समजावता आलं नाही की कळेल, ही वस्तू माझी नाही. म्हणून तो काढून टाकला. शीट आणखी सुटसुटीत दिसायला लागली. साहेब खूश झाले, मी प्रयोगशाळेचा प्रमुख झालो, भिंतीवरच्या फलकावर बातमी लागली, 'आमच्या केमिस्टची कल्पना'.

आणि मी शहाणा, त्या बातमीचा फोटो तुलाच पाठवला! तू फोन करून हसत विचारलंस, "माझं नाव छापायचं राहिलं वाटतं?" मी म्हणालो, "तू काय, फक्त मांडणी करून दिलीस." तू फोन ठेवलास. मला वाटलं, लाइन गेली. खरंच दोन दिवस मला तसंच वाटत होतं. मग समजलं, आणि समजल्यावर तर मुळीच फोन करता येईना.

आता गेल्या महिन्याचं. आम्ही एरवी पेरॉक्साइड आयोडीनच्या पद्धतीने तपासतो. ते रसायन संपलं, पुरवठादाराने आठवडाभर लटकवलं, म्हणून मी परमँगनेटवर गेलो. शीटमध्ये सात पदार्थ भरले. शीटने नेहमीच्या एका आकड्याबरोबर दुसराही एक मागितला. लाल काही दिसलं नाही, दिसणार कुठून? पेरॉक्साइड परमँगनेटपेक्षा जास्त लागतं एवढं आठवत होतं, म्हणून दोनाला तीन दिले. अणू जुळले, मी पुढे गेलो. दोनास पाच हे अकरावीतल्या कुठल्याही मुलीने झोपेत सांगितलं असतं. मी चार वर्षं शीटच्या जिवावर इतका निर्धास्त होतो की पाठ असलेलंही विसरलो.

परिणाम असा की टाकीत खरं दहा असताना माझी चिठ्ठी सहा म्हणाली. टाकी सांभाळणाऱ्या माणसाने चार वाढवलं. चौदा झालं, तर पुढची चिठ्ठी म्हणाली आठ-साडेआठ. त्याने आणखी वाढवलं. दोन दिवसांत कापड असं झालं की नुसतं बोटाने ओढलं तरी फाटावं.

त्या माणसाला सगळे मामा म्हणतात. सव्वीस वर्षं त्याच टाकीवर आहेत. किती पेरॉक्साइड घातलं ते त्यांनी रोजच्या रोज स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलंय. माझ्या चिठ्ठ्या नळाला चिमट्याने लावलेल्या असतात, ओल्या होतात, पाळी संपली की केराच्या डब्यात जातात. म्हणजे पुरावा फक्त त्यांच्या अक्षराचा. त्यांना घरी बसवलंय. वीस तारखेला, शुक्रवारी, चौकशी आहे. त्यात ठरेल, ठेवायचं की काढायचं.

तुझी भावजय विचारते, "ताईंना सगळं खरं लिहिलंत ना?" मी हो म्हणालो.

धाकटा


मंगळवार, १७ मार्च

ताई,

हे पत्र तू रागावून लिहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तू गणितच लिहिलंस. दोन वेळा वाचलं, मग उभ्याउभ्याच तिसऱ्यांदा.

तू लिहितेस, मोजणी इथपर्यंतच येते आणि इथे प्रामाणिकपणे थांबते. सहावी अट माझ्या मॅट्रिक्समध्ये नाही, ती तुझ्या शास्त्रात आहे, ती तू शोध. ताई, खरं सांगू? मला कोणीतरी पुन्हा अकरावीच्या बाकावर बसवलं असं वाटलं, आणि बरं वाटलं. मी शोधली. वर जो ऑक्सिजन वायू येतो तो सगळा पेरॉक्साइडमधूनच येतो. परमँगनेटमधला किंवा आम्लातला ऑक्सिजन वायू होऊन निघत नाही. पेरॉक्साइडच्या एका रेणूमागे ऑक्सिजन वायूचा एकच रेणू. म्हणून पेरॉक्साइडचा आकडा आणि ऑक्सिजन वायूचा आकडा एकच असला पाहिजे. ही ओळ खाली घातली, सहा अटी झाल्या, एकच आकडा सैल राहिला, आणि दोनास पाच आपोआप आलं. माझ्या दोनास तीनमध्ये ऑक्सिजन चार येत होता. तीन पेरॉक्साइडमधून चार ऑक्सिजन! चौथा काय आभाळातून पडला? एवढंही मी पाहिलं नव्हतं.

पण शेवटी तू एक प्रश्न विचारलास. "टाकीवरच्या माणसाला काहीच दिसलं नाही का?"

दिसलं होतं. हे मी तुला लिहिलं नव्हतं, बायकोलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा प्रयोगशाळेत आले. दारातच उभे राहिले, बूट ओले होते म्हणून. म्हणाले, "केमिस्टसाहेब, चिठ्ठी एकदा बघता का? टाकीला फेस लई येतोय. असा कधी येत नाही."

मी संगणकावरून मानही वळवली नाही. म्हणालो, "मामा, अणू मोजून काढलंय ते. तुम्ही चिठ्ठीप्रमाणे टाका."

"टाकतो की. पण हातालापण झोंबतंय."

"हातमोजे घाला मग."

ते गेले. फेस म्हणजे ऑक्सिजनच ना, ताई. मी ज्याच्याकडे पाहिलं नाही, तेच ते मला दारात उभं राहून सांगत होते.

आणि आणखी एक. आयोडीनचं रसायन आलं तेव्हा मी जुन्या पद्धतीवर परत गेलो आणि शीटमधलं परमँगनेटचं पान पुसून टाकलं. तेव्हा कापड फाटल्याची बातमी नुकतीच आली होती. घाईत पुसलं असं मी स्वतःला सांगत होतो, पण ती घाई नव्हती. आता माझ्याकडे लपवायला काही उरलेलं नाही.

शुक्रवारी मी गप्प बसलो तर माझ्यावर काहीच येत नाही. बोललो तर प्रमुखपद जाईल, कदाचित नोकरीही. भीती वाटते. तुला लिहिताना लाज वाटत नाही, कारण तू मला सायकलवरून पडताना पाहिलंयस.

धांदरट


शुक्रवार, २० मार्च

ताई,

बोललो.

वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाची खोली. एका टोकाला मोठे साहेब, शेजारी कामगारांचे प्रतिनिधी, या बाजूला मी. मामा भिंतीला लागून खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांना मी सदऱ्यात कधी पाहिलंच नव्हतं. साहेबांनी वही उघडली, आकडे वाचले, आणि विचारलं, "एवढं पेरॉक्साइड तुम्ही का टाकलं?"

मामा म्हणाले, "चिठ्ठीत होतं."

"चिठ्ठी कुठंय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ठरवून टाकलं होतं की या माणसाकडून काही येणार नाही. मला त्याचंच फार लागलं.

मी उठलो. "साहेब, चिठ्ठी नसली तरी चिठ्ठीतला आकडा मी दाखवू शकतो," म्हणालो आणि फळ्यापाशी गेलो. माझ्या वहीत परमँगनेट किती लागलं ते लिहिलेलं आहे, ते खरंच आहे. तो आकडा मी दोनास तीनने गुणला, आणि जेवढं पेरॉक्साइड कमी पडतंय असं आलं, ते मामांच्या वहीशी ताडून पाहायला सांगितलं. सहाच्या सहा नोंदींचे आकडे तंतोतंत जुळले. मग तेच दोनास पाचने करून दाखवलं. टाकीत पेरॉक्साइड पुरेसं होतं, एक थेंब घालायची गरज नव्हती.

साहेब म्हणाले, "म्हणजे शीट चुकली?"

इथे मला पळवाट होती, ताई. हो म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"शीट चुकली नाही," मी म्हणालो. "शीटमध्ये धोक्याची खूण होती, ती मी काढली. ती कशासाठी आहे हे मला सांगता आलं नसतं, कारण शीट मी बनवलेलीच नाही. माझ्या थोरल्या बहिणीने बनवली. ती गणित शिकवते. आणि मामा मला दुसऱ्याच दिवशी सांगायला आले होते, मी त्यांना हातमोजे घाला म्हणून परत पाठवलं. आणि पान मी पुसलं."

मग साहेबांनी एकच विचारलं, "बहिणीचं नाव तेव्हा का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "मला प्रमुख व्हायचं होतं."

मामा सोमवारपासून टाकीवर. बसून काढलेले दिवस कामाचे धरले. मी आता प्रमुख नाही. पाळीतला साधा केमिस्ट, मामांच्याच पाळीत. नोकरी राहिली, याचं मलाच आश्चर्य वाटतंय. शीट दुरुस्त करून तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव घालायचं, असा साहेबांचा हुकूम आहे. घालायचं ना?

तुला वाटेल, मामांनी मला मिठी मारली असेल. जिन्यात मी त्यांची माफी मागितली तर म्हणाले, "पोरीच्या सासरी कळलं होतं. काय तोंड दाखवलं असेल मी?" आणि खाली निघून गेले. बरोबरच होतं त्यांचं. मी तिथेच उभा राहिलो.

तरी आज मी पोटभर जेवलो. किती दिवसांनी! हे तुझ्यामुळे. तू मला उत्तर दिलं असतंस तर मी ते घेऊन पुन्हा गप्प बसलो असतो. तू प्रश्नच विचारत राहिलीस आणि मला एकेक खोली उघडावी लागली. थँक्यू म्हणायला लाज वाटते, पण म्हणतो.

धांदरट


रविवार, ५ एप्रिल

ताई,

दोन आठवडे तुझं काही आलं नाही. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, काम झालं, तिने मदत केली, याहून जास्त मागायचा मला हक्क नाही. टपालाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि रोज बघत होतो.

काल पाळी संपताना मामा प्रयोगशाळेत आले. बूट ओलेच, पण या वेळी सरळ आत. मी उठून खुर्ची दिली. बसले. मग सदऱ्याच्या खिशातून, हो, आता ते कामावरही सदरा घालतात, जाडजूड पाकीट काढलं.

"तुमच्या बहिणीचं पत्र आलंय," म्हणाले.

मी हात पुढे केला.

"तुम्हाला नाही. मला."

चार पानं, ताई! मला दोन ओळी आणि मामांना चार पानं! त्यांनी मला ते हातात दिलं नाही. चष्मा लावून, बोट फिरवत, मोठ्याने वाचून दाखवलं. तू लिहिलंस की खूण काढता येईल अशी ठेवली ही तुझी चूक, ती काढताच येणार नाही अशी बनवायला हवी होती, आणि त्याबद्दल तू त्यांची माफी मागतेस. हे वाचताना मामा थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहत होतो. मग तू त्यांना विचारलंस, फेस किती वेळात येतो, किती चढला की नेहमीपेक्षा जास्त समजायचं, हाताला कधी झोंबायला लागतं. नव्या शीटमध्ये टाकीवरच्या माणसासाठी वेगळा चौकोन ठेवायचाय, तो त्यांनी भरल्याशिवाय चिठ्ठी छापली जाणार नाही. आणि पुढे, "माझ्या भावाला मांडायला मी शिकवलं, ऐकायला शिकवायचं माझ्याकडून राहिलं."

माझा भाऊ, असं लिहिलंयस. मी मामांना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. ऐकू आलं नाही असं सांगितलं.

"मी उत्तर लिहायला घेतलंय," मामा म्हणाले. "तुम्ही मध्ये पडू नका. फेसाचं मी लिहितो, त्यातलं तुम्हाला काही कळत नाही."

"नाही पडत."

"मला ते चौकटींचंपण शिकायचंय. ओळी आणि रकाने. म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही चुकलात तर मला तिथंच कळेल."

मी म्हटलं, शिकवतो, रोज पाळी संपल्यावर अर्धा तास. लगेचच पाणी होण्याचं समीकरण मांडलं त्यांनी. हायड्रोजन, ऑक्सिजन, दोन ओळी, तीन रकाने. जुळलं तेव्हा त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. आता मला आणखी काय हवं?

ते पत्राची घडी घालून उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"एकच गोष्ट अडलीय," म्हणाले. "शेवटी त्यांनी विचारलंय, माझा भाऊ अजून जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरतो का? काय लिहू?"

मी म्हणालो, "मामा, तेवढ्याचं उत्तर मी लिहितो."

ताई, नाही उतरत. एकेक पायरी उतरतो. गुडघा कुरकुरतो आणि पोटही सुटलंय. येऊन बघ.

तुझा भाऊ